बैलगाडीचं वजन आणि कर्नलच्या हेडर फाइली

"ताई, एकच बैलगाडी दोनदा काट्यावर चढवली. दोनदा अलग वजन आलं. माणसं मले घेरून उभी हायेत. काय सांगू यायले?"

राठोडचा फोन पांढरकवड्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधून होता. राठोड आमचा फिल्ड टेक्निशियन, मूळ फुलसावंगीकडचा, सहसा न घाबरणारा. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, आमच्या छोट्या कंपनीत बसले होते. गाड्या तोलायच्या काट्याला जोडायचा इलेक्ट्रॉनिक डबा आम्ही बनवतो. त्या डब्यातलं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे.

"ट्रकचं वजन कसं येतं?"

"ट्रक बराबर येते. बैलगाडीच पागल करून राह्यली."

त्या वर्षी बोंडअळीनं शेतं खाल्ली होती. वेचून जे हाती आलं त्याचं वजन तरी खरं निघावं, एवढीच माणसांची मागणी होती. यंत्र भेदभाव करत नाही असं लोक म्हणतात. आमचं करत होतं. व्यापाऱ्याच्या ट्रकला खरं, छोट्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला काहीतरीच. माझं डोकं फिरलं.

माणसं गेटवरून हलेनात, म्हणून जिनिंगच्या शेठनं काटा सोमवारपर्यंत बंद ठेवला. सोमवारी गाड्या पुन्हा लागणार होत्या. त्याआधी डबा दुरुस्त व्हायला हवा होता.

आता थोडं आतलं सांगते. डब्यात आमची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचा गाभा म्हणजे कर्नल. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, मध्ये किती थांबायचं, हे कर्नल ठरवतो. त्याच्याकडे घड्याळ असतं. घड्याळाच्या एका ठोक्याला टिक म्हणतात. गाडी काट्यावर आली की डबा ठरावीक टिक थांबतो आणि हेलकावे विरल्यावर वजन धरतो.

हेडर फाइल म्हणजे कर्नलच्या आतलं पत्रक. कोणत्या नावाचा अर्थ काय, सेकंदाला टिक किती, हे तिथे जाहीर करायचं. बाकीच्या फाइली ते पत्रक मागवून घेतात. त्याला इन्क्लूड करणं म्हणतात.

सेकंदाला टिक किती, हे आमच्याकडे दोन हेडरमध्ये लिहिलेलं निघालं. जुन्या सर्किट-बोर्डाच्या हेडरमध्ये शंभर, नव्याच्या हेडरमध्ये हजार. डब्यात बोर्ड नवा होता. आणि दोन्ही ठिकाणी अट अशी, की आधी कुणी आकडा ठरवला नसेल तरच माझा घ्या. म्हणजे जो आधी पोचेल तो खरा. त्या अटीमुळे कंपायलरही, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅमही, तक्रार करत नव्हता. वजन धरणाऱ्या कोडपर्यंत जुनं हेडर आधी पोचत होतं. त्यामुळे डबा हजार टिकांऐवजी शंभर मोजूनच सेकंद झाला समजायचा, जेवढं थांबायला हवं त्याचा दहावा हिस्साच थांबायचा.

ट्रकचं इंजिन बंद केलं की ट्रक गप्प उभा राहतो. बैल पाय बदलतात, मान झटकतात, गाडी डुलत राहते. आम्ही डुलत्या गाडीचं वजन धरत होतो. ऑफिसात टेस्ट केलं होतं लोखंडी वजनं ठेवून. लोखंड मान झटकत नाही.

गावंडे सर आमचे मालक. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सापडलं ना? मंग एक ओळ बदल अन् पाठवून दे."

"एका ओळीनं भागणार नाही, सर. आपल्या कॉमन हेडरमध्ये सगळी हेडरं कोंबली आहेत. प्रत्येक फाइल ते मागवते. कोण कुणाचं ऐकतं, कुणालाच माहीत नाही. सगळं साफ करावं लागेल."

"चालू कर्नलले कायले हात लावतेस?"

"चालू नाही, सर. ट्रकपुरता चालू आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवार. तवरक नाही झालं तर एक ओळच जाईल. अन् पांढरकवड्याले शिव्या खायले तू जाशील."

"जाते."

माझे बाबा यवतमाळात चळवळीची पत्रकं छापायचे. मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. त्यांचा नियम होता: मुद्दा एकाच ठिकाणी मांडायचा आणि खाली नाव टाकायचं. बिननावाचं पत्रक म्हणजे अफवा. आमचं कॉमन हेडर ही तसलीच अफवा होती. वर्षानुवर्षं ज्याला जे लागलं ते त्यानं त्यात घातलं आणि निघून गेला.

मी ते हेडर रिकामं केलं. बिल्ड चालवली, म्हणजे सगळ्या फाइली नव्यानं कंपायलरमधून काढल्या. स्क्रीनभर एरर आल्या. मला तेच हवं होतं. जी फाइल ओरडली, तिला तिच्या गरजेचं हेडर थेट दिलं. जी गप्प राहिली, तिला ते नकोच होतं. एकेक फाइल करत पुढे सरकले. हे काम कंटाळवाणं आहे. हुशारी लागत नाही, हट्ट लागतो.

मग त्या 'आधी कुणी ठरवला नसेल तर' अटी काढल्या. आता एकाच नावाचे दोन वेगळे अर्थ आले की कंपायलर अडणार होता. तो अडलाच. बॅटरीच्या हेडरमध्ये तिसरा आकडा सापडला. पुन्हा शंभरच. तो जात होता शून्य धरणाऱ्या कोडकडे. गाडी चढण्याआधी रिकामा काटा शून्यावर आणतात, त्या कामाकडे. त्यातली चूक थोड्या किलोंची, ट्रकच्या टनांत ती दिसत नव्हती.

मी सरांना बोलावून दाखवलं. "एक ओळ बदलून पाठवली असती, तर गाडी स्थिर धरली असती आणि शून्य चुकीचं."

"अजून काही सापडलं तर मले नको सांगू," सर म्हणाले. "ठीक करून टाक." आणि त्यांनी दोन चहा मागवले.

टिकचा आकडा आता एकाच हेडरमध्ये राहिला. वर कारण लिहिलं. खाली माझं नाव टाकलं.

सोमवारी मीही जिनिंगवर गेले. राठोडनं डब्यात नवीन सॉफ्टवेअर घातलं. पहिली गाडी एका मावशीची होती. कासरा त्यांच्याच हातात होता. गाडी चढली. आकडा लगेच येईना.

"काटा सुस्त झाला का वो?" शेठ म्हणाले.

"सुस्त नाही. आता नीट पाहून बोलतो," मी म्हटलं.

आकडा आला. गाडी उतरवून पुन्हा चढवली. तोच आकडा. राठोडनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला वाटलं, मावशी काही चांगलं बोलतील.

"आज बराबर तोललं," त्या म्हणाल्या. "मागच्या हप्त्यात तोलला त्याचं काय?"

तो कापूस सरकीपासून वेगळा होऊन गाठींत गेला होता.

मी राठोडकडून कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या काट्यानं या हंगामात बैलगाड्यांचं वजन चुकीचं दाखवलं. चूक शेतकऱ्यांची नाही, जिनिंगची नाही. चूक आमच्या डब्याची आहे. पावती असेल त्यांनी घेऊन यावी.' शेठ तो कागद गेटवर लावू देईनात. मग आम्ही तो डब्यावरच चिकटवला. डबा आमचाच होता.

परत येताना सरांचा फोन आला. शेठनं कळवलं होतं.

"कोणाले इचारून लावलं ते?"

"खाली माझं नाव आहे, सर."

लोक पावत्या घेऊन आले. भांडणं झाली, मग तडजोड झाली, आणि कंपनीला चांगलाच भुर्दंड बसला. मला सरांनी काढलं नाही. त्यांनी सांगितलेलं कारण असं: ती हेडरं आता फक्त मला समजतात.

ते कारणही फार दिवस टिकणार नाही. हेडरं आता इतकी साफ आहेत की कुणालाही समजतील.