गाडीखालचा डाग

माझ्या वडिलांचं पुण्यात गॅरेज होतं आणि माणूस ओळखायची त्यांची एकच रीत होती: आधी त्याच्या गाडीखाली बघायचं. गाडीखाली तेलाचा डाग असेल तर तो माणूस संसारातही निष्काळजी, हे त्यांचं ठाम मत. मला मद्रासला दिली ती मात्र मुलाकडची गाडी न बघताच, आणि ही चुटपुट त्यांना लागून राहिली होती.

त्याच वर्षी आई-वडील रामेश्वर करून परतताना मद्रासजवळ तांबरमला आमच्याकडे उतरणार असं ठरलं, आणि माझी नजर आधी दारातल्या गाडीखाली गेली. सासऱ्यांची जुनी गाडी इंजिनावरच्या टॅपेट कव्हरमधून तेल गाळायची. जिथे उभी राहील तिथे काळी रांगोळी.

सासरे शाळामास्तर, पण गाडीची दुरुस्ती स्वतःच करायचे. आदल्या दिवशी त्यांनी कव्हर उघडलं आणि कॉर्कच्या नव्या गॅस्केटवर शेलॅक, म्हणजे तेल अडवणारा तो लालसर चिकट लेप, थापायला घेतला. तंजावरी मराठी घर! पाहुण्याच्या पानात तूप वाढताना ज्यांचा हात आखडत नाही, त्यांचा इथे कसा आखडणार? सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आणखी थोडं घाला. व्याही येतात."

लेप ओला असतानाच कव्हर बसवून गाडी सुरूही केली. आधी लेप ओघळला, मागोमाग तेल. दोघांचे चेहरे असे पडले की मला हसू आवरेना, पण उद्याच वडील गाडीखाली बघणार होते.

मी नवी सून, पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, "मामंजी, हे तूप नव्हे. पातळ हात फिरवायचा, बोटाला जरा चिकटेल इतपत सुकू द्यायचं, मग कव्हर ठेवायचं. आणि नट हळूहळू आवळायचे."

सासऱ्यांनी ब्रश माझ्या हाती दिला. "ये गे, तूच कर की."

मी सगळं खरवडलं, पेट्रोलने पुसलं आणि नव्याने लेप लावला. जन्मात कुणाला वाढताना न थांबलेल्या सासूबाई, मी ब्रश बुडवला रे बुडवला की "पोदुम, पोदुम!" म्हणजे पुरे पुरे, म्हणून ओरडायच्या. लेप सुकेपर्यंत आम्ही तिघं पायरीवर कॉफी पीत बसलो. इतकी मजा मला त्या घरात तोवर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर वडिलांनी नमस्कार-चमत्कार आटोपले न आटोपले तोच वाकून गाडीखाली पाहिलं. रस्ता कोरडा. मग बॉनेट उघडायला लावलं आणि कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा खुलला.

"हा हात माझ्या गॅरेजातला आहे," ते म्हणाले.

"होता," सासरे म्हणाले. "आता आमच्या घरचा."

वडिलांनी माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि खुशाल पुढच्या सीटवर जाऊन बसले.