हिरामणमामाचा पहिला घोट

रोज सकाळी मामी चहाचा कप घेऊन दारात यायची. मामा तो हातात घ्यायचा, पण ओठाला लावायचा नाही. बाहेर उभ्या मॅटॅडोरपाशी जाऊन पुढच्या डाव्या चाकावर त्यातला घोटभर चहा ओतायचा, रबरावरून वाफ उठते का ते बघायचा आणि मग उरलेला स्वतः प्यायचा. तो घोट दुसऱ्या कोणाला घालू द्यायचा नाही.

"पाजलं का सवतीला?" मामी आतून विचारायची.

"पाजलं. उष्टं मी पितो आता."

मामी गाडीला सवतच म्हणायची. माझा हा मामा, हिरामण, भिवंडीच्या लूमवरचं कापड डोंगराकडच्या गावांना पोचवायचा. विणताना डाग पडलेलं, किनार सुटलेलं कापड. त्याचे गठ्ठे भरून तो निघायचा आणि वाडा, विक्रमगड, जव्हार करत मोखाड्यापर्यंत जाऊन यायचा. येताना कधी करवंदांचा द्रोण, कधी नव्या तांदळाची पिशवी आणायचा. गोष्टी मात्र दर खेपेला. विक्रमगडच्या पानवाल्याचा गुडघा, जव्हारचं धुकं, मोखाड्याच्या आटलेल्या विहिरी. आपल्याच नातेवाइकांविषयी बोलावं तसा तो त्या गावांविषयी बोलायचा. मामी ऐकायची, निवडलेली भाजी टोपलीत टाकायची आणि म्हणायची, "तुमचं आपलं काहीतरीच." ती स्वतः वज्रेश्वरीच्या पुढे कधी गेली नव्हती. देवीचं दर्शन, अकलोलीच्या कुंडात अंघोळ, की परतीची एसटी.

एकोणनव्वद साली, चैत्र संपता संपता, मामाने मोखाड्याहून वनितासाठी स्थळ आणलं. वनिता त्याची एकुलती एक मुलगी. मुलाचं नाव चांगदेव, बाजारात शिवणाचं दुकान. मामाचे गठ्ठे त्याच्याकडेच उतरायचे, आणि त्याच्या घरचा चहा मामा वर्षानुवर्षं पीत आला होता.

मामी एकदम म्हणाली, "न्हाय."

"अगो, पोरगा बघ तरी."

"पोरगा सोन्याचा असंल. पाण्याचं काय? बाया डोंगर उतरून हंडे आणतात, हे मला कोनी सांगितलं? तुम्हीच ना? माझी पोर हंडे वाहूनच म्हातारी व्हायची."

 मामाच्याच गोष्टी त्याच्यावर उलटल्या होत्या. वनिताने चांगदेवला वाड्याच्या एका लग्नात पाहिलं होतं. ती काहीच बोलत नव्हती, पण ती काय बोलत नाही ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. शेवटी मामी एवढंच कबूल झाली, की घर बघून येऊ. तिथे तिने नाही म्हटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी आम्ही निघालो. स्टिअरिंगशी मामा, मधे मामी, खिडकीशी मी. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. निघताना वनिताने माझा हात असा काही दाबला, की तिचं सगळं ओझं माझ्याकडे दिल्यासारखं वाटलं.

वाड्याला भातगिरणीचा गोडसर वास गाडीत शिरला. मामी म्हणाली, "हे गाव बरं हाय. हितलं न्हाय का कोन?"

"हितली पोरं तुझ्यासाठी थांबलीत व्हय."

विक्रमगडला पानवाला खरोखरच लंगडत आला. मामीने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. गोष्ट खरी निघाली होती. पुढे घाट लागला. मामी पदराने डोळे झाकून बसली आणि प्रत्येक वळणावर विचारत राहिली, "आलं?"

"न्हाय गं."

"अजून वर?"

"अजून वर."

घाट संपला तेव्हा वारा बदलला होता. जव्हार झाडीत बसलेलं गाव. उतरती कौलं, ओट्यावर वाळत घातलेली मोहाची फुलं, लांब झाडांच्या वर राजवाड्याचा घुमट. कापडाच्या दुकानातून एक आक्का बाहेर आली. तिने मामाकडे पाहिलंच नाही, सरळ मामीचा हात धरला.

"गाडीला सवत म्हनता त्या तुम्हीच ना? वाकटीचं, सुक्या मासळीचं कालवन करता, त्यात कैरी टाकता?"

मामी बघतच राहिली. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, मामा गोष्टी फक्त घरी आणतो. तो त्या दोन्हीकडे वाहत होता. जव्हार सुटल्यावर मामीने पदर डोळ्यांवरून काढला आणि रस्ता बघू लागली.

"आनखी काय काय सांगितलंय माझं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"सगळं. भांडनं सोडून."

"मग काय उरलं सांगायला?"

मोखाड्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. डोंगर करपलेले, गवत पिवळं, आणि बाटलीतलं आमचं पाणी घाटातच संपलेलं. चांगदेवची आई, बायजाबाई, ओट्यावर वाट बघत होती. घर लहान, शेणाने सारवलेलं. खिडकीला पडदा होता निळ्या पट्ट्यांचा, एका कडेने डाग असलेला. भिवंडीचं कापड मामीने लगेच ओळखलं.

"चांगदेव कुठाय?" मामाने विचारलं.

"येईल आत्ता," बायजाबाई अवघडून म्हणाली.

तो आला तो सायकल ढकलत. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे हंडे लटकत होते. चढावर त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पाहुणे आलेले बघून तो लाजला.

"बायकांचं काम करतो म्हनून हसतात गावातले," बायजाबाई म्हणाली. "माझी कंबर गेली तवापासून हाच भरतो. ऐकतच न्हाय."

 मामीने ते हंडे बघितले, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली चिंधी बघितली, त्याच्या हातावरचे वळ बघितले.

बायजाबाईने तांब्याभर पाणी आणलं. त्या दिवसांत त्या गावात तांब्याभर पाणी म्हणजे केवढा मान, हे मलाही कळत होतं. मामाने घटाघटा अर्धा तांब्या संपवला. मी प्याले. मामीने तांब्या हातात घेतला, कपाळाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

बायजाबाईचा चेहरा उतरला. "पानी चालत न्हाय का आमचं? चार वेळा गाळलंय."

मामाने मामीकडे असं बघितलं, की मला वाटलं, तो आता गाडीतच जाऊन बसेल. घाटभर कोरड पडलेल्या घशाने मामी म्हणाली,

"पानी चांगलंच असंल, बाई. पन लेकीच्या घरचं मी कशी पिऊ?"

 आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. बायजाबाईने डोळ्यांना पदर लावला. चांगदेव उगाचच हंडा इकडचा तिकडे ठेवू लागला.

"पन मी तर प्यालो की!" मामा घाबरून म्हणाला.

"तुम्ही प्यालात तवा घर बायजाबाईचं होतं," मामी म्हणाली. "आता तांब्याला हात लावाल तर बघा."

मामी जव्हारपर्यंत तहानलेली आली. आक्काच्या दुकानात ती इतकं पाणी प्याली, की आक्का म्हणाली, "मोखाड्याला विहिरी आटल्या वाटतं." मामी हसत सुटली.

लग्न झालं. मामाचे गठ्ठे आता जावयाच्या दुकानात उतरू लागले, पण त्याचा तिथला चहा बंद झाला. वनिताला बरीच वर्षं मूल झालं नाही. त्या काळात मामा मोखाड्याला गेला की दुकानासमोरच्या टपरीवर बसायचा. वनिता पदर सावरत रस्ता ओलांडून यायची आणि बाकड्यावर त्याच्याशेजारी बसायची. पहिला घोट चाकाला, मग दोघं कप हातात धरून गावाकडे बघत बसायचे. भिवंडीत लोक सांगायचे, देवाचं करा, डॉक्टरला दाखवा. मामाने वनिताला कधीच काही विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझ्या घरी बसता येत न्हाय."

"टपरीवाल्याचा चहा तुझ्यापेक्षा बरा असतो," मामा म्हणाला.

पंच्याण्णव साली तिला मुलगी झाली. बारशाला मामी बायजाबाईच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आना तो तांब्या." मामा मात्र सहा वर्षांनी त्या घरचं पाणी पिताना मधेच थांबला आणि बराच वेळ तांब्यात बघत राहिला.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात, मी वनिताकडे राहायला गेले होते. मामा भर दुपारी आला. गठ्ठे उतरवले, नातीला गाडीत बसवून हॉर्न वाजवू दिला, आणि सगळा बाजार कानांवर हात ठेवून हसला. पुढच्या आठवड्यात भिवंडीत, जेवून आडवा झाला असता, तो झोपेतच गेला. बातमी आली तेव्हा वनिता स्टोव्हपाशी होती. मला आठवलं, तो आला त्या दुपारीही ती तिथेच होती. तिने कपात चहा ओतला होता, आणि मामा मागच्या दारी जाता जाता, मान वळवून तिला म्हणाला होता, "वने, पयला घोट बाहेर सवतीला घालून ये. मी हातपाय धुतो तवर."