वच्छलाबाईंचे चार कोहळे

वच्छलाबाईंच्या दुकानात चार कोहळे असायचे आणि ते विकायचे नसायचे. मी एकदा भाव विचारला, तर बाईंनी असा आकडा सांगितला की तेवढ्यात कोहळ्याचा वेल, वाफा आणि विहीर तिन्ही आली असती.

"देत नाई म्हणा नं सरळ," मी म्हणालो.

"मंग देतच नाई. आज इकलं तं येत्या शुक्रवारी काय बसवू इथं? तुमाले?"

आमचं गाव बडनेऱ्याच्या पुढे, बेलोऱ्याच्या विमानतळापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर. शुक्रवारी निंबाखाली बाजार भरतो. तिथल्या बसायच्या जागेचा कागद कोणाकडेच नाही. आजी बसत होती म्हणून नात बसते, एवढाच हक्क. नियम एकच, लागोपाठ तीन शुक्रवार जागा रिकामी दिसली की ठेकेदाराचा माणूस ती दुसऱ्याला देतो.

वच्छलाबाईंकडे दोन जागा होत्या. एक त्यांची आणि शेजारची त्यांच्या मालकांची, नत्थुजींची. नत्थुजी जाऊन सहा वर्षं झाली. ती जागा सोडली तर दुसरी भाजीवाली कुशीला येऊन बसणार, म्हणून बाईंनी तिथं एक टोपलं मांडलं आणि त्यात चार कोहळे, म्हणजे लाल भोपळे, ठेवले. कोहळं महिनोन्‌महिने नासत नाही. ठेकेदाराचा माणूस टोपल्याकडे बघायचा आणि पुढे जायचा.

मी तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. वेळ न पाळणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यामुळे फारसं कोणी आवडत नाही. वच्छलाबाई आवडायच्या. सकाळी सातला त्यांची मेथी मांडलेली असायची म्हणजे असायचीच.

त्यांना एकच मुलगी, प्रतीक्षा. अकोल्याला मामाकडे राहून बी.कॉम. झाली. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. मामा म्हणायचा, "आमच्या अकोल्यात इमान सोडून सारं उतरते." आमच्याकडे निदान एक कंपनी तरी मुंबईला जायची, तीही आठवड्यातून मोजके दिवस, तिच्या सोयीच्या वेळेला आणि तिच्या मर्जीच्या भाड्याला. मग दुसरी एक कंपनी येणार अशी बातमी आली. ती सकाळी उडणार होती. दोन दुकानं झाली की भाव खाली येतो, हे बाजारात कोणाला शिकवावं लागत नाही. नव्या कंपनीनं काउंटरसाठी अकरा पोरंपोरी घेतली आणि त्यांत प्रतीक्षा लागली.

त्या शुक्रवारी वच्छलाबाईंनी मला सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली. असं आधी कधी घडलं नव्हतं. "पोरगी कमावून दिवस बुडाच्या आत घरी येईन," त्या म्हणाल्या, "आमी दोघीच त हावो. अजून काय पायजे, साहेब?"

त्याच सुमाराला शालू आली. बाळापूरकडची पोर, लग्न होऊन इथं आलेली. अर्ध्या एकरात मेथी-पालक लावायची आणि बाजाराच्या पार टोकाला, टिनाच्या शेडजवळ बसायची. तिथं दहा वाजताच ऊन येतं आणि पालेभाजी मान टाकते. एक दिवस ती बाईंपुढे उकिडवी बसली.

"मावशी, तुमच्या बाजूले बसू का? कोहये मांडीवर घेऊन बसीन मी."

"तुही मेथी अन् माही बी मेथीच. माह्या पोटावर बसतं का वं?"

शालू उठून गेली. मला वाईट वाटलं. गिऱ्हाइकानं अशा भानगडीत पडू नये, असं मी स्वतःला सांगितलं.

पोळा जवळ आला होता. प्रतीक्षा निळ्या गणवेशात थेट बाजारात आली आणि आईजवळ पोत्यावर बसली.

"माय, आमचं इमान येत नाई. मुंबईत उतराची वेळच भेटली नाई."

"उतराले वेळ कायची लागते? रिकामं दिसलं का उतराचं."

मला राहवलं नाही. मी सांगितलं, की मुंबईत तासाला ठरावीकच विमानं उतरू शकतात. ती प्रत्येक पाळी कंपन्यांना आधीच वाटून दिलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. शंभरातल्या ऐंशी वेळा वापरली की पुढच्या हंगामातही ती पाळी त्याच कंपनीची. नव्याला उरलंसुरलं. प्रतीक्षाच्या कंपनीला मिळाली ती रात्री पावणेबाराची, आणि आमचं विमानतळ तेव्हा कधीच बंद झालेलं असतं.

"जुन्या कंपन्या जागा सोडतच नाईत," प्रतीक्षा म्हणाली. "कुठं कुठं त अर्धं रिकामं इमान उडवतात, पण जागा नाई सोडत. आमाले सांगतलं, हैदराबादले काम हाये, याचं असंन त या. नाई त घरी बसा."

वच्छलाबाई उसळल्या. "बाप्पा! सोता भरत नाई अन् दुसऱ्याले बसू देत नाई! कोनाच्या लेकराच्या पोटावर पाय पडून राह्यला, हे दिसत नाई का यायले? जागा का यायच्या बापाची हाये?"

समोर मिरच्या विकणारी मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवो वच्छला, मंग हे कोहये कायले मांडले वो?"

सगळी ओळ हसली. मीही हसलो, आणि लगेच जीभ चावली. धारणीच्या गाडीला मी वर्षानुवर्षं फलाट दिला नव्हता. जुन्या वेळापत्रकात नव्हता म्हणून दिला नव्हता. मेळघाटातली माणसं लेकरं काखेत घेऊन उन्हात उभी राहायची आणि मी पंख्याखालून घोषणा करायचो. बाई मात्र हसल्या नाहीत. एकच जुडी सोडून पुन्हा बांधत राहिल्या. त्या वेळी मला त्यांची फार कीव आली, आणि माझीही.

पुढच्या शुक्रवारी टोपलं नव्हतं. निंबाच्या सावलीत शालूची मेथी मांडलेली होती. तीन कोहळे बाईंनी सकाळीच चिरून ओळीतल्या सगळ्यांना फाका वाटल्या होत्या. चौथं पोरीच्या हैदराबादच्या प्रवासातल्या गोड पुऱ्यांसाठी ठेवलं होतं.

आता सगळं गोडीगुलाबीनं चाललं असेल असं कोणी समजू नये. शालूची मेथी ताजी असायची आणि स्वस्तही. दुसऱ्याच बाजाराला बाईंना भाव उतरवावा लागला. दोघींची भांडणं पार टिनाच्या शेडपर्यंत ऐकू जायची.

"मीच बसवली अन् माह्याच डोक्यावर बसली!"

"मावशी, तुमची मेथी कालची हाये, त्याले मी काय करू?"

फायदा आम्हा गिऱ्हाइकांचा झाला. बऱ्याच वर्षांनी बाजारात चांगली मेथी मिळू लागली.

गणपती उठले आणि वच्छलाबाई पोरीला हैदराबादला पोचवायला अकोल्याहून काचीगुड्याच्या गाडीनं गेल्या. आठ दिवसांत येते म्हणाल्या होत्या. पण खोली मिळेना, मग पोरीला ताप आला. प्रतीक्षा तशी कधी एकटी राहिलेली नाही. बाई तिकडेच अडकल्या. बाजाराची आठवण त्यांना त्या धांदलीत कुठली राहणार? माझा गुडघा धरला होता म्हणून दोन शुक्रवार मीही घरीच होतो, पण मोजत होतो. सवय जात नाही.

तिसऱ्या शुक्रवारी लंगडत गेलो. ठेकेदाराचा माणूस माझ्या पुढेच होता आणि त्याच्यामागे जागा बघायला आलेला एक कांदेवाला. बाईंची जागा गेली असती तर शालूचं काहीच बिघडणार नव्हतं. कांदेवाला काही मेथी विकत नाही. त्या सावलीत मेथी तिची एकटीचीच राहिली असती.

"हे जागा रिकामी नं?" ठेकेदाराच्या माणसानं शालूला विचारलं.

"रिकामी कायची? माल दिसत नाई का?"

बाईंच्या जागेवर धुतलेलं पोतं अंथरलं होतं आणि त्यावर एक नवंकोरं कोहळं होतं.

"किती शुक्रवार झाले?"

"तिन्ही शुक्रवार हाये. इचारा कोनाले बी."

मनकर्णाबाईनं मिरच्या निवडता निवडता मान हलवली. तो माणूस कांदेवाल्याला घेऊन पुढे गेला. मी खाली वाकलो आणि कोहळ्याचा भाव विचारला.

"ते इकाचं नाई, साहेब," शालू म्हणाली. "मावशी येतवर ते बसलं हाये."