तटाकडे तोंड करून

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शाई पसरून वाया गेलेली पत्रकं ते घरी आणत, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. म्हणूनच की काय, लिहायला बसलं की ‘बांधवांनो’ आल्याशिवाय माझं वाक्य सुरूच होत नसे.

विशीत मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागले आणि त्याच सुमारास एका कलापथकात शिरले. गाणी मी लिहायची, बाकीच्या सात जणांनी ती शिफ्ट सुटताना म्हणायची. आमची पद्धत ठरलेली होती. गेटकडे तोंड करायचं आणि सगळ्यांनी एकदम, गळ्याच्या शिरा ताणून म्हणायचं. कामगार आमच्या दोन्ही बाजूंनी उभे राहत. गाणं कामगारांसाठी असलं तरी कारखान्याला ऐकू गेलं पाहिजे, असा आमचा बाणा होता.

त्या सातांत एक पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवरचे भाऊ होते. चाळिशीतले, बीडकडचे. प्रेसचा ठोका पडला की बोलायचं आणि पुढचा पडायच्या आत थांबायचं, अशी त्यांच्या खात्यातली रीत. ती त्यांच्या जिभेत इतकी मुरली होती की शांत खोलीतही ते तसंच बोलत.

“ताई, चहा,” मग जरा थांबून, “घेता का?”

“भाऊ, तुमचा चहा येईपर्यंत निवतो बघा,” डफ वाजवणारा मेकॅनिक म्हणायचा. हे त्यांना ऐकू जात नसे. प्रेसनं त्यांचे कान जवळजवळ नेले होते. गाताना सूर भलतीकडेच जायचा आणि शेजारचे चुकायचे. एका तालमीनंतर मी त्यांना बाजूला घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, “भाऊ, यापुढे तुम्ही झेंडा धरा. गाऊ नका.”

त्यांनी झेंड्याची काठी हातात घेतली. मग म्हणाले, “घरी आता कुणी, माझ्याशी बोलत न्हाई. ओरडावं लागतं ना. गाताना माणसं, माझ्याकडं बघत्यात तरी.”

‘प्रत्येकाचा आवाज मोलाचा’ असं मीच पत्रकात लिहीत होते. तरीही मी निर्णय बदलला नाही. गाणं महत्त्वाचं, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच महिन्यात चाकणला जायचं ठरलं. कारखान्यांसाठी जमिनी घ्यायच्या म्हणून तिथल्या शेतांवर मोजणीदार फिरू लागले होते आणि गावकऱ्यांसमोर बाजाराच्या दिवशी कार्यक्रम करायचा होता. लाउडस्पीकरच्या भोंग्याला परवानगी मिळेना. म्हणून मी जुना किल्ला सुचवला. खंदकाच्या अलीकडे चिंचांची सावली होती, पलीकडे दूरवर तटाचा अजून उभा असलेला भाग. माणसं सावलीत बसतील, भोंगा लागणार नाही, असा हिशेब.

आदल्या रविवारी तालमीला गेलो. झाडांखाली उभे राहिलो ते सवयीनं तटाकडे तोंड करूनच. जणू तोही एखाद्या कंपनीचा असावा. माझं नवं गाणं लांबलचक ओळींचं होतं. ‘शोषण’ हा शब्दच त्यात पाच वेळा. पहिली ओळ संपायच्या आत तटानं ती परत फेकली. दुसऱ्या ओळीत पहिली घुसली. गाणारे आवाजाकडे कान देऊन थांबत, मग घाई करत. डफाचा एक ठोका दोनदा ऐकू यायला लागला, तेव्हा मेकॅनिकनं डफ खालीच ठेवला.

खंदकात एक म्हातारी बकऱ्या चारत होती. ती वर आली.

“काय गं बाई, कोन कोनाशी भांडतंय? माजी बकरी बिथारली की!”

“भांडण नाही आजी, गाणं आहे.”

“गानं? आनि ते शोशन कोन? गावात न्हाई कुनी त्या नावाचं.”

सगळे हसले. मला राग आला, तो तिचा नव्हे. मी वही मिटली आणि तिलाच विचारलं, “तुमची जमीन कुठली?”

“टेकाखालचं आमचं. दिराचं इहिरीचं. आता मोजनीवाल्यानं लंबर टाकल्यात. लंबराला काय हाक मारायची?”

भाऊंनी मला खूण करून विचारलं, काय म्हणाली? मी वहीवर शेतांची नावं लिहून दाखवली. त्यांनी ती वाचली आणि झेंडा हातात असतानाच, तटाकडे बघत म्हटली.

“टेकाखालचं.” थांबले. तट म्हणाला, “...खालचं.”

“इहिरीचं.” पुन्हा तेवढंच थांबले. “...हिरीचं.”

आवाज खडबडीत होता, सूर नव्हताच. पण एकही शब्द दुसऱ्यावर पडला नाही. आम्ही सगळे परत येणारा आवाज ऐकायला थांबत होतो, म्हणून चुकत होतो. त्यांना तो ऐकूच येत नव्हता. प्रेसच्या दोन ठोक्यांमधलं अंतर ते अंगानं मोजत होते आणि ते इथे बरोबर बसलं.

“राव, यांनाच म्हणू द्या,” मेकॅनिक म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे होऊन भाऊंच्या हातातून झेंडा घेतला.

मग म्हातारी नावं सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वडाचं, खडकीचं, चिंचेपट्टी, लवणातलं. जोडायला एक ओळसुद्धा मी लिहिली नाही. चार दिवस हात शिवशिवत होते, पण नाही लिहिली.

बाजाराच्या दिवशी चिंचांखाली बरीच माणसं जमली. भाऊ एक नाव टाकायचे, तट उचलायचा, आणि आम्ही बाकीचे खालच्या पट्टीत नुसता ‘हो’ लांबवायचो. आधी लोक गंमत म्हणून ऐकत होते. पाच-सहा नावं झाल्यावर मागून एक माणूस उभा राहिला आणि तटाकडे ओरडला, “बांधावरचं!” लगेच दुसरीकडून एक बाई, “आमचं पानमळ्याचं!” जो तो आपलं शेत सांगू लागला. सगळा गलका झाला.

भाऊंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांची यादी संपली तसे ते वळले, उभी राहिलेली माणसं बघून घाबरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, लोक उठले. चुकलं का माजं?”

मी त्यांच्या हातात वही उघडी धरायला दिली आणि लोक ओरडत होते ती नावं एकेक करून तिच्यात यादीखाली लिहू लागले. त्यांनी माझ्या बोटाखालचं पहिलं नाव वाचलं, मान वर केली आणि तटाकडे तोंड करून हाक दिली.