तुला येतोय का वास?

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी तळवड्याच्या ऑफिसात होते, दुपारचा चहा नुकताच होऊन गेला होता. मिलिंद म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुजाताचा नवरा; तो मला सहसा फोन करत नसे. "मनीषाताई..." एवढंच तो म्हणाला आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मागे बायकांचे आवाज होते. मी खुर्चीतून उठले आणि विचारलं, "कुठे पडली?" सुजाताचं दुखणं कळल्यापासून मी ज्या फोनला घाबरून होते तो हाच, ती कुठेतरी रस्त्यात पडल्याचा. मिलिंद म्हणाला, "पडली नाही ताई. झोपली होती."

सुजाताला जाऊन आता काही आठवडे झालेत. फर्स्ट शिफ्ट करून ती चाकणहून घरी आली, जेवली, जरा पडते म्हणाली आणि पडली ती उठलीच नाही. सासूबाई खाली भाजी आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात झालं. डॉक्टर म्हणाले, झोपेत फिट आली असावी. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला तिचा चेहरा आधी आठवत नाही, तिचा प्रश्न आठवतो... "तुला येतोय का वास?"

आमची ओळख रहाटणीतल्या रविवारच्या ग्रुपमधली. पहिली मॅरेथॉन पळायची म्हणून जमलेले आम्ही सगळे नवखे. कुणाला शुगर निघाली होती, कुणाला पोट कमी करायचं होतं, आणि मी नुसती ऑफिस आणि घर यांना कंटाळून आले होते. पहिल्या दिवशी मैदानाच्या तीन फेऱ्यांत माझी जीभ बाहेर आली. माझ्या शेजारी एक सडपातळ, सावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, तिलाही बोलता येत नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू आलं. ती सुजाता. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कामाला, माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं, राहायला काळेवाडीत. नवरा फोर्जिंगच्या कारखान्यात, घरी सासू. आम्ही दोघी सारख्याच वेगाने दमायचो, म्हणून जोडी जमली.

महिना-दोन महिन्यांत आम्ही मैदान सोडून रस्त्यावर आलो. तळवड्यावरून देहूच्या दिशेने जायचं, वाटेत कुठेतरी वळायचं आणि परत यायचं. पहाटे त्या रस्त्यावर कंटेनर उभे असतात, ड्रायव्हर तोंड धूत असतात, शेडमधून प्रेसचा आवाज येत असतो. पळता पळता सुजाता मध्येच पाय आवरायची आणि विचारायची, "तुला येतोय का वास?" मी म्हणायचे, कसला? "रबर जळाल्याचा." आपल्या भागात हा काय प्रश्न झाला? कुठे टायर जाळलेले, कुठे भट्टी, कुठे पेंट शॉप. मी म्हणायचे, हो, येतोय की, केवढा येतोय! की तिचे खांदे खाली यायचे आणि ती पुन्हा पळू लागायची. मला ती एक लकब वाटली होती. नाजूक नाक असेल बाईचं, असं मी मनात म्हणायचे.

एका रविवारी तळवड्याच्या पुढे, ट्रक लागतात त्या मोकळ्या जागेजवळ तिने विचारलं आणि मी सहज म्हणाले, "नाही गं. आज हवा एकदम स्वच्छ आहे." ती थांबली. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. रस्त्यापासून बाजूला जाऊन ती मातीत बसली आणि भराभर बोलली, "मला कुशीवर कर. तोंडात काही घालू देऊ नको कुणाला. माझ्याजवळ राहा." मी विचारत होते, काय झालं, काय झालं... आणि तिचे डोळे माझ्यावरून सरकून कुठेतरी वर गेले.

मी फिट आलेलं माणूस त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिचं अंग ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले, दातांचा आवाज येत होता. मी तिला कुशीवर करायचा प्रयत्न करत होते, पण ती वळत नव्हती. चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर धावत आले. क्षणात गराडा पडला. एकाने पायातली चप्पल काढली, "हुंगवा, हुंगवा, लगेच उतरतं." दुसरा कांदा फोडून घेऊन आला. एक जण तिच्या दातांत किल्ली घालायला वाकला. सगळे मदतच करायला आले होते, पण मला त्या क्षणी ते सगळे शत्रू वाटले. मी तिच्या डोक्याभोवती हात टाकून ओरडले, "हात लावायचा नाही कुणी! मागे सरा!" किल्लीवाला म्हणाला, "अहो ताई, जीभ तुटंल तिची." मी म्हटलं, "तुटू दे. तिनेच सांगितलंय मला." तिने खरंच सांगितलं होतं का, मी बरोबर ऐकलं होतं का, की माझ्या हट्टापायी ती माझ्या मांडीवर मरणार आहे... ते झटके थांबेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं.

मग ते थांबले. ती खोल श्वास घेऊ लागली, जशी गाढ झोपेत घेतात. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा तिने आधी कपडे चाचपले आणि मग विचारलं, "कुणी फोटो काढला का?"

रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं. शाळेत असल्यापासूनचं दुखणं. लग्न ठरताना आईने बजावलेलं, बोलू नकोस, गोळ्यांवर आहेस ना ठीक, मग कशाला बोलायचं. रबर जळाल्याचा वास हा तिच्या फिटेचा निरोप असायचा, आधी तो यायचा आणि मग ती. गोळ्यांनी बरीच वर्षं सगळं थोपवून धरलं होतं, पण सेकंड शिफ्ट सुरू झाल्यापासून झोपेचे हाल झाले होते आणि वास पुन्हा यायला लागला होता. "आणि राहायला आले अशा ठिकाणी," ती म्हणाली, "जिथे खरा वास कुठला आणि माझा कुठला तेच कळत नाही. म्हणून तुला विचारते." नवऱ्याला माहीत नाही, सासूला नाही, कंपनीत तर नाहीच. मी म्हटलं, घरी सांग, नाहीतर मी तुझ्याबरोबर पळणार नाही. ती रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "तुला काय जातंय सांगायला? आत्ता मी सुजाता आहे. उद्यापासून फिटवाली होईन." काळेवाडी आली. उतरताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतरचे रविवार ती आली नाही. मी फोन केले, तिने उचलले नाहीत. ती एकटीच पळत असेल का, कुठल्या रस्त्याने, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. "आज सांगणार आहे. तू ये. तू असलीस म्हणजे मला मध्येच शब्द फिरवता येणार नाही."

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी पहिल्यांदाच गेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली तिची सासू भाजी निवडत बसलेली. सुजाताने उभ्यानेच सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. मिलिंद ऐकत होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलीस. मला एकदा पण सांगावं वाटलं नाही?" मला वाटलं, हिचा संसार मी मोडला आज. तेवढ्यात सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "आजची गोळी खाल्लीस का?" सुजाता म्हणाली, "नाही अजून." "मग खा की. बोलायलीस कवापासून उपाशी पोटी."

मिलिंद तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला तो त्यांच्या तोंडून ‘पळणं बंद’ हे ऐकायला. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, झोप मोडू नका, एकट्या पळू नका. पळूच नका असं काही ते म्हणाले नाहीत. शिफ्टचं मात्र काहीतरी करा म्हणाले. सुजाताने धीर करून सुपरवायझरला सांगितलं. आठवडाभर काहीच उत्तर नाही. त्या आठवड्यात ती दिसेल त्याच्यावर खेकसत होती. शेवटी तिला कायमची फर्स्ट शिफ्ट मिळाली, लाइनवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. मैत्रिणी लाइनवरच राहिल्या, याचं तिला वाईट वाटलं. पण झोप सुधारली.

आम्ही पुन्हा पळू लागलो आणि मागून मिलिंदची स्कूटर येऊ लागली. तो तिच्याशी बोलत नव्हता. पहाटे तो आमच्या मागे एवढ्या हळू गाडी चालवायचा की इंजिन गचके खायचं. पाणी द्यायचा तेही माझ्या हातात. त्या आवाजाने माझे पाय अवघडून जात. तिचं काय होत असेल! बायकोला सोडवत नाही आणि माफही करवत नाही, असा तो माणूस आमच्या पाठीशी कितीतरी रविवार होता. एकदा देहूला चहा पिताना तिने मला तो प्रश्न विचारला. टपरीवाल्याचा पाव तव्यावर करपला होता, मी म्हटलं, पावाचा येतोय, रबराचा नाही. ती अस्वस्थ झाली. मिलिंद स्कूटरवर पाठमोरा बसला होता. तो तसाच म्हणाला, "मला पण विचारत जा." सुजाताने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मिलिंद, तुला येतोय का वास?" त्याने नाक वर करून, अगदी मन लावून हुंगलं आणि म्हणाला, "येतोय. त्या पलीकडच्या शेडमध्ये काहीतरी जाळलंय." वारा फिरला तसा मलाही तो आला. ती हसली, मग तिला रडू आलं. परतीच्या वाटेवर स्कूटर आमच्या बरोबरीने चालत होती.

मॅरेथॉनच्या दिवशी आम्ही तिच्या दुखण्याची नोंद वैद्यकीय टेबलावर करून ठेवली होती. मिलिंद शेवटच्या टप्प्यावर उभा राहणार होता. अर्ध्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत आम्ही सुरेख आलो. पाय भरून आले होते, पण डोकं शांत होतं. पुलाचा चढ संपला आणि तिने विचारलं.

मी हुंगलं. दुखऱ्या पायांवर मारतात त्या स्प्रेचा वास होता, घामाचा होता, संत्र्यांच्या सालींचा होता. रबराचा नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिला कुठलं उत्तर हवंय ते तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. इतके महिने पहाटे उठून आम्ही इथवर आलो होतो. मी ‘हो’ म्हणाले असते तर ती पळाली असती. कदाचित काही झालंही नसतं... "नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

"नाही येत, सुजाता. बस खाली."

तिने मला एक शिवी दिली आणि कडेला जाऊन बसली. फिट आली, पण लहान. यावेळी मी तिला एका दमात कुशीवर केलं. अँब्युलन्समध्ये तिने माझ्याकडे पाठ केली होती, आणि मिलिंद धापा टाकत आला तेव्हा तिने छातीवरचा नंबर काढून त्याच्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी ती मैदानावर हजर. ग्रुपमधल्या सगळ्यांना तिने गोलात बसवलं आणि सांगितलं, "मला फिट येते. मी पुढच्या वर्षी परत पळणार आहे, तेव्हा सगळ्यांनी शिकून घ्या." मग ती स्वतः मातीत आडवी झाली आणि एकेकाला आपल्याला कुशीवर वळवायला लावलं. आमच्यातल्या एका जाडजूड काकांना ते जमेना, तेव्हा ती आडव्यानेच ओरडत होती, "अहो काका, पोतं आहे का मी?"

ते पुढचं वर्ष आलं नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. मी दाराशी, पांढऱ्या साड्यांच्या घोळक्यात बसले होते. तिच्या माहेरच्या नात्यातल्या एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पळून पळून जीव घालवला पोरीनं. असल्या मैत्रिणी भेटल्यावर काय होणार?" माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. काय बोलणार होते मी? कुठल्या तोंडाने? तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "पळताना गेली असती तर बरं झालं असतं बाई. कुणीतरी जवळ असतं. घरात होती, म्हणून एकटी होती." आणि पदर डोळ्यांना लावून त्या तशाच बसून राहिल्या.

गेल्या रविवारी मी त्यांना भेटायला गेले. मिलिंद कामावर होता. सासूबाईंनी चहा टाकला. मी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि दार लावायला हात नेला, तर आतून कडीच नव्हती. लाकडात नुसती स्क्रूंची भोकं. मिलिंदने ती काढून टाकली असणार, सगळं कळलं त्याच आठवड्यात. मी दार लोटून घेतलं, नळ सोडला. बाहेर पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली.

"हाईस ना गं?" सासूबाईंनी विचारलं. कुणाला विचारलं हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

मी नळ बंद केला.

"आहे, आई."