खड्याला ऊन दाखवलं

आमच्या इचोड्याच्या घरात सगळ्यावर एकच इलाज होता: ऊन दाखवणं. गाद्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या तर झाल्याच, पण रेडिओचे उतरलेले सेलसुद्धा आई गच्चीच्या कठड्यावर मांडायची आणि संध्याकाळी ते खरंच आणखी दोन गाणी वाजवायचे. माझा देवावर नसेल एवढा विश्वास उन्हावर होता.

त्या चैत्रात माझा साखरपुडा झाला आणि माझे पाय जमिनीवर राहिनात. मुलगा मीच पसंत केलेला, आदिलाबादला शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये भेटलेला. पोरांनी परस्पर जमवलेलं त्याच्या आईला रुचलं नव्हतं. वर्षभर तिने हो म्हटलं नाही. मग एके दिवशी बेल्लमपल्लीहून आली आणि स्वतःची अंगठी माझ्या बोटात घातली. तोच तिचा होकार. चांदीत बसवलेला वाटाण्याएवढा जमुनियाचा खडा, गडद जांभळा. नीलम परवडत नाही त्यांनी शनीसाठी हा घालावा, याने डोकं शांत राहतं, असं तिने सांगितलं. आणि म्हणाली, जपून वापर.

डोकं कसलं शांत! मी चहात मीठ घालत होते आणि वर हसत होते. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आमच्याकडे जपायचं म्हणजे उन्हात ठेवायचं. रोज सकाळी मी अंगठी धुऊन सेलांच्या शेजारी ठेवायचे, कावळ्याने नेऊ नये म्हणून वर चाळणी पालथी घालायचे आणि संध्याकाळी ती बोटात घालून गल्लीभर मिरवायचे. अख्खा वैशाख असा गेला.

रंग एका दिवसात उडाला असता तर कळलं असतं. तो रोज थोडा थोडा गेला. लग्नाच्या साड्या घ्यायला निर्मलला गेलो, तेव्हा जांभळ्या पदरावर हात ठेवला आणि बोटाकडे नजर गेली. खडा ताकाच्या निवळीसारखा दिसत होता.

दुकानाशेजारच्या सोनाराने भिंग लावून पाहिलं. खडा खरा आहे, टणक आहे, त्यावर सहजासहजी चरा जात नाही, फक्त ऊन आणि आच त्याला सोसत नाही, असं त्याने तेलुगूत निवांतपणे सांगितलं. कोमट पाण्याने धुवायचा, मऊ फडक्याने पुसायचा, डबीत अंधारात ठेवायचा. गेलेला रंग परत येतो का, असं मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

आठ दिवसांनी मुहूर्त पक्का करायला होणाऱ्या सासूबाई येणार होत्या. फिका खडा पाहून त्या अपशकुन मानणार आणि लग्न मोडणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी खूप रडले. मग परसातली जांभळं दिसली आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसत सुटले. त्या येण्याच्या दिवशी सकाळीच वाटीभर रस काढून त्यात अंगठी बुडवली. रस चांदीला लागला, बोटाला लागला, नखांत गेला. खड्याला मात्र लागला नाही.

चहाचा कप घेताना त्यांनी माझा हात धरला. बोट निरखलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं.

"उन्हात ठेवला होता का वं?"

"रोज ठेवला, आत्याबाई," मी म्हटलं. "जपून."

त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं, की ही अंगठी त्यांच्या आईने लग्नात दिली, उन्हापासून जप असं बजावून. बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरात ऊनही होतं आणि धूळही. म्हणून त्यांनी ती पेटीत ठेवली.

"तीस वर्स पेटीत ठेवली म्या. रंग राह्यला, पन माह्या हातात कोनं पाह्यली? म्याबी नाही पाह्यली."

त्यांनी अंगठी काढून घेतली तेव्हा मला वाटलं, मोडलं लग्न. पदराने रस पुसून त्यांनी ती परत माझ्या बोटात सरकवली आणि आईकडे वळून म्हणाल्या, मुहूर्त लवकरचा काढा, हिचं डोकं काही शांत होणार नाही.

लग्नानंतर दर शनिवारी त्या अंगठी माझ्याकडून मागून घ्यायच्या, बोटात घालायच्या आणि क्वार्टरासमोर खाट टाकून भर उन्हात बसायच्या.