नर्सच्या घरचा बिब्बा

तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स झाला, राज्याच्या कौन्सिलकडे नाव नोंदलं आणि लोणावळ्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात मला नोकरी लागली. नवलाख उंबरे गावातल्या आमच्या घरातली पहिली नर्स मी. आईने निम्म्या गावाला पेढे वाटले, उरलेल्या निम्म्याला नुसतं सांगून भागवलं.

महिनाही झाला नसेल. एका दुपारी वॉर्डचं दार ढकलून वहिनी धावत आत आली. कडेवर माझा भाचा, जेमतेम तीन महिन्यांचा. पोर कण्हत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. घरापासून तळेगाव जवळ असून तिथले सगळे दवाखाने ओलांडून त्याला माझ्याकडे आणलं होतं. घरची नर्स असताना परक्याकडे कशाला जायचं!

श्वास मोजायला मी अंगडं वर केलं. बेंबीभोवती काळे, फोड आलेले ठिपके. बिब्बा! बिब्ब्यात सुई खुपसून दिव्यावर धरायची आणि सुटलेल्या तेलाचे चटके बाळाच्या पोटावर द्यायचे. शिकत असताना डोंगरातल्या वाड्यांवर मी हे पाहिलं होतं. ही माणसं कधी सुधारणार, असं आम्ही पोरी तेव्हा म्हणायचो. आमच्या घरात असलं काही होत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कुणी केलं हे?"

वहिनीच्या मागून आई आली, पदराने घाम पुसत. "म्या. परवा पोट उडत व्हतं त्याचं."

"परवा? आणि मला फोन का नाही केलास?"

"तू ड्युटीवर. तुला कशाला तरास? बिब्ब्यानं उतरतंय की."

मी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी ठिपक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर, हे तुमच्या घरातलं बाळ?" मी मान हलवली. न्यूमोनिया होता. सलाईन लावताना मला शीर सापडेना, तेव्हा सीनियर सिस्टरने मला बाजूला केलं.

पोर वाचलं. ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळं झाल्यावर ते पहिल्यांदा खणखणीत रडलं तेव्हा मीही रडले.

पुढच्या सुट्टीला घरी गेले. ओट्यावर एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर तान्हं बाळ. त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. आई आतून दिवा आणि सुई घेऊन येत होती.

मला पाहून बाई उठलीच. "मावशींच्या हाताला लय गुण हाय म्हनं. तुमचं बाळ वाचलं न्हाई का? आन् ज्या घरात नर्स हाय, तितं भ्या कशाचं?"

 पुढे होऊन मी आईच्या हातातली सुई हिसकावून घेतली.

बाईचा चेहरा उजळला. "आज तुमीच बिब्बा घालनार व्हय, ताई?" म्हणत तिने बाळ माझ्यापुढे धरलं.